एकदाच करायची गोष्ट

ज्या गावचा देव मीठ खात नाही, त्या गावात सेंगमलम मामींचा सगळा दबदबा मिठावर उभा होता. ओप्पिलियप्पनच्या देवळात भात काय, दहीभात काय, वडे काय, सगळं बिनमिठाचं शिजतं आणि बिनमिठाचंच देवापुढे जातं. खारट पदार्थ पदराआड लपवून आत नेणाऱ्याचं काही खरं नाही, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आणि त्याच देवळाच्या उत्तरेच्या गल्लीत, तिसऱ्या घरात, मामींच्या चिनीमातीच्या बरण्या ओळीने बसलेल्या. वडुमांगा, म्हणजे देठासकट मुरवलेल्या अंगठ्याएवढ्या बाळकैऱ्या, घालाव्यात तर मामींनीच. कुंभकोणमहून लोक खास बस पकडून त्यासाठी येत आणि मामींची बोलणी खाऊन, बरणी घेऊन परत जात.

"भिंतीच्या आत त्याचं राज्य, भिंतीबाहेर हिचं," असं त्यांचे यजमान सारनाथन मामा म्हणत. मामा पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं लोकांची पत्रं पोचवून झाल्यावर आता स्वतःचं मत घरात पोचवणं त्यांना जमत नव्हतं. त्याची त्यांना फारशी खंतही नव्हती.

मामी वाईट नव्हत्या. फक्त जगात प्रत्येक काम करण्याची एकच बरोबर रीत असते आणि ती आपल्याला ठाऊक आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. मुलगा मुकुंदन नोकरीपायी तिरुचीला असे. सून रंजनी इथल्या शाळेत गणित शिकवायची, चाळीस पोरांना वठणीवर आणायची, पण ह्या घरात बारा वर्षं नांदून तिला अजून बरणीला हात लावायची मुभा नव्हती. मीठ घालणं तर सोडाच, बरणी हलवायची ती कशी, ह्यावरही तिला दरवर्षी नव्याने व्याख्यान मिळे. "गळ्याला धरू नकोस, ती काय कोंबडी आहे? बुडाखाली हात घाल. डावीकडून. डावीकडून म्हटलं!"

देवाचीही ह्यातून सुटका नव्हती. रोज सकाळी मामी दर्शनाला जात. देव उभा, धिप्पाड, बाजूला गुडघे टेकून बसलेली भूमिदेवी, आणि देवाच्या उजव्या तळहातावर जडवलेली अक्षरं, मला एकट्याला शरण ये अशा अर्थाची. किराण्याच्या दुकानावरची पाटी वाचावी तशी ती वाचून मामी कामाला लागत. "मुकुंदनची बदली तिरुचीहून इकडे कर. पण लगेच नको, नातीची परीक्षा होऊ दे. आणि ह्यांचा गुडघा. तेल मी लावतेय, तू फक्त सूज उतरव." त्यांनी देवाला कधी नुसतं गाऱ्हाणं घातलं नाही, नेहमी सोबत कामाची वाटणीही करून दिली.

अशा बाईला भरन्यास करून घ्यायचा होता.

त्यांच्या वैष्णव लोकांत ही सगळ्यात मोठी गोष्ट. गुरूंच्या समोर बसायचं, ते सांगतील ती वाक्यं म्हणायची आणि आपला सगळा भार देवाच्या पायाशी ठेवून मोकळं व्हायचं. आयुष्यात एकदाच. त्यानंतर हे दे, ते दे म्हणायचं नाही. मरताना त्याचं नाव ओठावर येईल की नाही ह्याचीसुद्धा काळजी करायची नाही. तेव्हा तोच आठवण ठेवील. मामींच्या आईने मन्नारगुडीला भरन्यास करून घेतला होता. शेवटच्या आजारात ती पोरीला म्हणाली होती, "मला अगदी हलकं वाटतंय गं. लग्नघरी आपलं काम दुसऱ्यानेच करून ठेवलेलं असावं, तसं." ते ऐकल्यापासून मामींना ते हलकेपण हवं होतं. बाकी सगळं त्यांनी हिकमतीने मिळवलं होतं, हे एक राहिलं होतं. काही ना काही आडवं येऊन बारा वर्षं ते लांबत गेलं.

शेवटी त्या वर्षी पंगुनीच्या, म्हणजे फाल्गुनाच्या, महिन्यात मठाचे स्वामी पाच दिवस गावात मुक्कामाला आले. पहिल्याच सकाळी अकरा जणांचा भरन्यास ठरला आणि यादीत तिसरं नाव मामींचं होतं. न्हाऊन, नऊवारी नेसून, ओले केस गाठ मारून त्या बसल्या. स्वामी ऐंशीच्या घरातले, हातात संन्याशाची तीन दांड्यांची काठी, त्रिदंड, डोळ्यांना कमी दिसे पण आवाज खणखणीत. त्यांनी वाक्य सांगायला सुरुवात केली. सगळे म्हणू लागले. आणि नेमकं ज्या वाक्यात स्वतःला देऊन टाकायचं, त्या वाक्याला मामींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: आज तिसरा दिवस! मीठ घालून तिसरा दिवस, बाळकैऱ्यांना आत्ता कुठे पाणी सुटलं असणार, सकाळी बरणी हलवायची राहिली, आणि रंजनीला सांगितलंच नाही. आता ती आपल्या मनाने हलवील. गळ्याला धरून हलवील.

भानावर आल्या तेव्हा वाक्य संपलं होतं. ओठ हलले होते एवढं खरं, पण त्यातून काय निघालं ते देव जाणे. शेजारची बाई डोळे पुसत होती. लोक एकमेकांना नमस्कार करत होते. "मामी, भाग्यवान तुम्ही, सुटलात!" असं कोणीतरी म्हणालं आणि मामी उलटा नमस्कार करायचंही विसरून घराकडे निघाल्या.

घरी येऊन त्या थेट बरणीकडे गेल्या. बरणी जागेवर होती, कोणी हात लावला नव्हता. त्यांनी ती बुडाखाली हात घालून, डावीकडून, नीट हलवली. मग तिथेच जमिनीवर बसून त्या रडू लागल्या. सून घाबरली. मामांनी गुडघा सावरत येऊन विचारलं, "फुटली की काय?"

"तुम्हाला बरणीचंच पडलंय," मामी म्हणाल्या, आणि मग त्यांना आणखी रडू आलं, कारण बरणीचं कोणाला पडलं होतं ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

संध्याकाळी त्यांनी मामांना सगळं सांगितलं. "मी दिलंच नाही हो. तोंडाने बोलले, तेही धड नाही. मन बरणीत. म्हणजे मी तिथल्या तिथेच राहिले ना? पुन्हा जन्म, पुन्हा शाळा, पुन्हा लग्न."

"पुन्हा मीच?" मामांनी विचारलं.

"थट्टा करू नका! आईला मिळालं आणि मला मिळणार नाही. माझ्याच डोक्याने घात केला."

मामांनी गुडघा लांब केला. "अगं, चौतीस वर्षं मी एक गंमत पाहिली. माणूस येतो, पेटीत पत्र टाकतो. पण जात नाही. वाकून फटीतून बघतो, मग पेटीला चापट मारतो, खाली पडलं की नाही म्हणून. एक गृहस्थ तर काडी घालून बघायचे. पत्र पडलेलंच असायचं गं. टाकलंस ना तू? मग पुढचं खात्याकडे."

"पत्ताच लिहिला नसेल तर?" मामींनी विचारलं. ह्यावर मामांनी खात्याच्या वतीने गुडघ्याला तेल मागितलं.

उत्तर मिळालं ते समोरच्या कनकमकडे. कनकम मामींची बालमैत्रीण. आयुष्यभर ती दुसऱ्यांना अडचणीतून बाहेर काढत आली होती आणि दरवेळी दुसऱ्या मोठ्या अडचणीत नेऊन सोडत आली होती. ओट्यावर पाय पसरून तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग त्यात काय? पुन्हा कर."

"पुन्हा करत नाहीत! एकदाच करायचं असतं. दुसऱ्यांदा केलं म्हणजे पहिल्यावर भरवसा नाही असं झालं. देवाला खोटं पाडल्यासारखं."

"पण पहिलं झालंच नाही म्हणतेस ना? मग हेच पहिलं. पाचव्या दिवशी कुंभकोणमहून बस भरून माणसं येणार आहेत. स्वामींना दिसतं कुठे? दुसरं नाव सांग नि बस घुसून."

मामींना हे पटलं, कारण त्यांना पटवून घ्यायचं होतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि ही काडी तर कनकमने स्वतः आणून हातात दिली होती.

मग तीन दिवस तयारी चालली. मामींनी शेजारच्या म्हाताऱ्या शास्त्र्यांकडून ती वाक्यं उतरवून घेतली. कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. भात वैरताना, मिरच्या वाळवताना, बरणी हलवताना त्या पुटपुटत होत्या. ह्या वेळी एक अक्षर इकडचं तिकडे होऊ द्यायचं नव्हतं. मन सुटू नये म्हणून पाचव्या दिवशी पहाटेच त्यांनी बरणी हलवून टाकली आणि रंजनीला बजावलं, "मी येईपर्यंत बरणीकडे बघायचंसुद्धा नाही."

"अम्मा, तुमचा भरन्यास झाला ना? मग आता कुठे?"

"कनकमला सोबत."

ही थाप मारताना मामींना फार वाईट वाटलं. सुनेशी त्या कडक होत्या, पण खोटं त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मठाच्या कारकुनाने नाव विचारलं. मामींनी मन्नारगुडीच्या धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं, "पेरुंदेवी." कारकून नवा होता, त्याने लिहून घेतलं. त्या दिवशी चाळीस माणसं होती. मामी खांबाआड, शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या. स्वामींनी वाक्य सांगायला सुरुवात केली. चाळीस तोंडांतून चाळीस प्रकारांनी ते बाहेर पडलं, कोणी अडखळलं, कोणी अर्ध्यावर सोडलं. संस्कृतची सवय कोणाला? फक्त खांबाआडून एक आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा खडखडीत येत होता. नेमक्या त्या मोठ्या, जोडाक्षरांच्या वाक्याला तर सगळे बुडाले आणि तो एकटाच तरून गेला.

स्वामी थांबले.

"खांबामागे कोण आहे?"

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या.

"पहिल्यांदा येणारा माणूस ह्या वाक्याला अडखळतो," स्वामी म्हणाले. "साठ वर्षं ऐकतोय. मीही अडखळलो होतो. हे पाठ करून कोण आलंय?"

मामी उठल्या. कारकुनाने वही बघून सांगितलं, "मन्नारगुडीच्या पेरुंदेवी, स्वामी."

"पेरुंदेवी?" स्वामींनी मान वाकडी केली. "आवाज तर चार दिवसांपूर्वीचा आहे. उत्तर गल्लीतली ना तू?"

मामींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या पुढे येऊन साष्टांग पडल्या आणि पडल्या पडल्याच सगळं सांगून टाकलं. "स्वामी, दासी खोटं बोलली. दासीचा भरन्यास झालाच नाही. त्या दिवशी दासीचं मन... दासीचं मन नव्हतं."

"मग कुठे होतं?"

मामींनी कपाळ फरशीला आणखीच टेकलं.

"सांग बाई. कुठे तरी असेलच ना?"

"वडुमांगांच्या बरणीत," मामी म्हणाल्या. "तिसरा दिवस होता, पाणी सुटलं असणार, नि सून गळ्याला धरून हलवील, म्हणून."

सभामंडपात हसू फुटलं. शेवटच्या रांगेत कनकमने पदर तोंडात कोंबला. स्वामीही हसले, इतके, की त्रिदंड हातात हलू लागला. मामी मात्र रडत होत्या, आणि ते ऐकू आल्यावर स्वामी हसायचे थांबले.

"ऊठ. बस इथे. किती घातल्यास?"

"दोन पायली, स्वामी."

"चांगल्या झाल्यात?"

"अजून मुरायच्यात."

"असं. आता मला सांग, तू त्या दिवशी इथे काय द्यायला बसली होतीस?"

"स्वतःला."

"आणि तेव्हा तुझ्यात काय काय होतं?"

मामींना प्रश्न कळला नाही.

"बरणी होती ना? मग तीही गेली. माणूस देतो तेव्हा निवडून पाखडून देतो का? तू जशी होतीस तशी गेलीस, बरणीसकट, सुनेवरच्या अविश्वासासकट. मी उचलून दिलं, त्याने घेतलं. तुझं लक्ष होतं की नव्हतं, हे कोणी विचारलं? तू त्याला धरलं असतंस तर हात सुटला असता. धरलंय त्याने. आता ती बरणी त्याची."

मामींनी डोळे वर केले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्यातली खरी सेंगमलम जागी झाली. "काय बोलता स्वामी! तो मीठ खात नाही!"

पुढच्या रांगेतल्यांनी कानांवर हात ठेवले. गुरूंना असं कोणी तोंडावर बोलत नाही. स्वामी पुढे झुकले, आणि मग अगदी हळू आवाजात, त्यांच्या एकटीशी बोलल्यासारखं म्हणाले, "का खात नाही?"

"लग्नासाठी सोडलं," मामी म्हणाल्या. इथल्या कोणालाही अर्ध्या झोपेत सांगता येणारी गोष्ट ती. "तो म्हाताऱ्याचं रूप घेऊन ऋषींकडे भूमिदेवीला मागणी घालायला आला. ऋषी म्हणाले, माझी पोर लहान आहे, तिला भाजीत मीठ घालायचंसुद्धा कळत नाही."

"मग तो काय म्हणाला? आधी तिला शिकवा, मग येतो, असं?"

"नाही. म्हणाला, मी बिनमिठाचं खाईन."

"बघ. जिला मीठ घालता येत नव्हतं तिच्यासाठी त्याने मीठ सोडलं. तुझ्या हातून मिठाशिवाय काही होत नाही, तर तुझ्यासाठी तो खाईल. त्याचं पथ्य तो बघून घेईल, तू का बघतेस? तू फक्त परत मागायला जाऊ नकोस." मग त्यांनी आवाज चढवला. "आणि कारकून, ते पेरुंदेवी नाव खोडू नकोस. ही बहीण खरीच आहे ना गं? तिचं झालंय?"

"नाही, स्वामी."

"मग पाठव तिला. नाव आधीच पोचलंय."

मामी घरी आल्या त्या काहीशा चक्रावूनच. चालताना दोनदा त्यांना वाटलं, आपण छत्री विसरलो की पिशवी विसरलो. हात रिकामे कसे? छत्री त्यांनी नेलीच नव्हती. घरात पाऊल टाकलं तर समोर रंजनी. सासूबाई उशीर करतायत, दुपारची हलवायची वेळ टळतेय, म्हणून तिने धीर करून बरणी उचलली होती. एक हात गळ्याला, दुसरा झाकणावर, आणि उजवीकडून हलवणं चाललं होतं. सासूला पाहताच ती जागच्या जागी गोठली.

मामींच्या जिभेवर बारा वर्षांचं व्याख्यान येऊन उभं राहिलं. मामांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. मामी सुनेकडे पाहत राहिल्या, मग बरणीकडे, मग पुन्हा सुनेकडे.

"जड आहे," त्या म्हणाल्या. "सांभाळून."

आणि आत जाऊन पाणी प्यायल्या.

रंजनीने बरणी खाली ठेवली आणि मामांना हळूच विचारलं, "अप्पा, अम्मांना ताप आहे का?"

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. दुसऱ्याच दिवशी मामी बरणीचं तोंड पुसताना सापडल्या. "मी नुसतं पुसतेय. दुसऱ्याची वस्तू आहे, धूळ बसायला नको," असं त्यांनी कोणी न विचारताच सांगितलं. एकदा त्यांनी बोट बुडवून चाखलंही. पण मोहरी, मिरची आणि हळद वाटून घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी पाटा रंजनीपुढे सरकवला. "किती घालू?" रंजनीने विचारलं. तिच्या हातात वही-पेन्सिल होती. मामींनी तोंड उघडलं, मिटलं. "तुझ्या हाताला वाटेल तेवढं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा अर्धा तास कनकमच्या ओट्यावर जाऊन बसल्या, कारण ते बघणं त्यांच्या शक्तीबाहेरचं होतं. शरणागती झाली तरी माणूस माणूसच असतो.

रंजनीच्या हाताला वाटलं की मीठ कमी आहे. तिने आणखी एक ओंजळ घातली.

दहा दिवसांनी पहिल्या वडुमांगा पानात आल्या. मुकुंदन तिरुचीहून आला होता. दहीभातावर एकेक बाळकैरी पडली. मामांनी चावली आणि त्यांचा डावा डोळा आपोआप मिटला. मुकुंदनने मुकाट्याने पाण्याचा पेला रिता केला. रंजनीचा चेहरा पडला. तिघंही मामींकडे बघू लागले, वीज आता कुठे पडते म्हणून.

मामींनी देठाला धरून कैरी तोंडात घातली, सावकाश चावली, कोय बाजूला काढली.

"आणखी एक वाढ," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी संध्याकाळी त्या देवळात गेल्या. गर्दी नव्हती. रोजच्यासारख्या त्या समोर उभ्या राहिल्या आणि सवयीने मुकुंदनची बदली ओठांवर आली. ती त्यांनी गिळली. गुडघा आला, तोही गिळला. मग सांगण्यासारखं काहीच उरलं नाही, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मामी देवाकडे नुसत्या बघत राहिल्या. छातीतलं काहीतरी सैल होत गेलं. त्यांना आनंद झाला, साधा, कारण नसलेला, आणि तो चेहऱ्यावर मावेना. पुजाऱ्याने आरतीचं तबक पुढे केलं. मामींनी ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना लावले, आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि जरा पुढे वाकल्या.

"आज खारट झालंय," त्या देवाला म्हणाल्या. "पोरीचा हात अजून बसलेला नाही. सांभाळून घे."